रिकामी चिठ्ठी

गोदामाच्या खिडकीशी कुणी रिकाम्या हाताने आलं तर मी काही म्हणत नाही. येईना का बापडा, गप्पा मारायला आला असेल. पण रिकामी चिठ्ठी घेऊन आलं तर मात्र त्याची खैर नाही.

एकतीस वर्षं मी या खिडकीत बसतोय. शिलाई मशीनचे सुटे भाग, अकरा हजार चारशे बासष्ट प्रकार, सगळे खणांत, आणि सगळे खण माझ्या डोक्यात. काउंटरवरच्या माणसाने चिठ्ठी लिहायची, खिडकीतून आत सरकवायची, मी वस्तू आणून द्यायची. काय हवं, कुठल्या मशीनचं, काय नको आणि किती. चार ओळी. याहून सोपं काम जगात असेल तर मला दाखवा. तरी दर आठवड्याला एखादा शहाणा वर नुसती तारीख टाकून कोरा कागद आत सरकवतोच. मग मी ओरडतो. माझा आवाज वरच्या मजल्यापर्यंत जातो म्हणे. जाऊ दे, मजला काही माझा नाही.

पण ही गोष्ट माझी नाही, माझ्या मेहुणीची आहे. बायकोची धाकटी बहीण. घरात तिला सगळे धाकटी म्हणतात, मी ऑफिसातही तेच म्हणत राहिलो आणि आता अख्खं ऑफिस तेच म्हणतं. शेचाळीस वर्षांची बाई, कानांमागचे केस पांढरे, चष्मा साखळीला लटकवलेला, आणि शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांची धाकटी. ती रागावत नाही. तिला राग येतो तो फक्त एका गोष्टीचा. एकच काम दोनदा करायला सांगितलं की बाईसाहेब बिथरतात.

लहानपणापासून नजर भारी बारीक. माझं लग्न झालं तेव्हा चौदा वर्षांची होती. मला पहिला प्रश्न काय विचारला असेल? "भावोजी, तुमच्या शर्टाचं तिसरं बटण वेगळं का आहे?" आता बोला! ते बटण कुणाला दिसू नये म्हणून मी सकाळपासून छातीवर हात ठेवून बसलो होतो. लोकांना वाटत होतं, जावई फार नम्र आहे.

बावीस वर्षांपूर्वी मीच शब्द टाकून तिला काउंटरवर लावली. आणि पहिल्याच दिवशी तिने मला कोरी चिठ्ठी दिली. गिऱ्हाइकांची ही गर्दी, ती गडबडली, लिहायचं विसरली आणि कागद आत सरकवला. मी मान वरही केली नाही. कोण आहे ते न बघताच ओरडलो, "रिकामी चिठ्ठी? सगळं गोदाम बांधून देऊ का? जा, आधी लिहून आण!" मग वर बघितलं तर धाकटी. पाच गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. ती हात धुवायला म्हणून गेली आणि पंधरा मिनिटांनी डोळे लाल करून परत आली. चिठ्ठी लिहून आणली होती. चारही ओळी, मोत्यासारख्या अक्षरात.

घरी बायको तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलली ते ऐकून वाटलं, तीन दिवस बरे होते. मी माफी मागणार होतो, खरंच मागणार होतो. पण माफीचं कसं असतं, पहिल्या दिवशी मागितली नाही की दुसऱ्या दिवशी जड जाते, आणि वर्ष उलटलं की जागची हलत नाही. राहिली ती राहिलीच.

सोळा वर्षं ती काउंटरवर होती. बारीक स्क्रू उचलायला पर्समध्ये एक चिमटा ठेवायची, तो आजही आहे. मग वरच्या मजल्यावर यादी कॉम्प्युटरात भरायचं काम निघालं, तिथे तिला पाठवलं. काम नुसतं टाइप करायचं. पण नुसतं करेल ती धाकटी कसली? जेवणाच्या सुट्टीत जाडजूड पुस्तक समोर उघडून बसायची, तिथल्या इंजिनियरांना "हे असं का?" म्हणून भंडावून सोडायची. दोन वर्षांत प्रोग्रॅम लिहायला लागली. तेव्हाचे साहेब भले होते. त्यांनी तिला इंजिनियरांच्या ओळीत खिडकीजवळची खुर्ची दिली. त्या दिवशी तिने घरी येऊन आम्हाला त्या खुर्चीची उंची कशी कमीजास्त होते ते पाऊण तास सांगितलं.

आता वर नेमकं काय चालतं ते सांगतो. मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण तिने माझ्या डोक्यात भरवलंय. कॉम्प्युटरच्या पोटात आमच्या गोदामाची यादी आहे, तिला डेटाबेस म्हणतात. त्यातून काही काढायचं तर ठरावीक भाषेत एक विनंती लिहावी लागते, ती क्वेरी. एका बॉबिन केससाठी तेवीस ओळींची क्वेरी! अहो, 'उजवीकडची बॉबिन केस, पितळेची नको' एवढं ऐकून मी खण उघडतो. पण कॉम्प्युटरला सगळं फोडून सांगावं लागतं. कुठली यादी, तिचा दुसऱ्या यादीशी संबंध काय, कुठली अट, कुठला क्रम. आणि तसलीच तेवीस ओळींची विनंती प्रोग्रॅममध्ये चाळीस ठिकाणी. एकाने लिहिली, बाकीच्यांनी उचलली आणि थोडी इकडेतिकडे करून चिकटवली.

मग व्हायचं तेच झालं. बनायचे बंद झालेले भाग गिऱ्हाइकाला दाखवू नका असं ठरलं. ती अट एकोणचाळीस ठिकाणी घातली, चाळिसाव्या ठिकाणी राहिली. एका शिंपीणबाईंनी एक दाबपट्टी मागवली. कॉम्प्युटरने सांगितलं, आहे. बाई दोन आठवडे थांबल्या. ती दाबपट्टी नऊ वर्षांपूर्वीच बनायची बंद झालेली! त्या भडकून आल्या आणि कुणावर ओरडल्या असतील? माझ्यावर! चोर सोडून संन्याशाला फाशी. त्यांचं ऐकून घेताना मला पहिल्यांदा कळलं, की खिडकीच्या पलीकडे उभं राहिल्यावर कसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत धाकटी खाली आली. माझ्या शेजारी स्टुलावर बसली आणि नुसती बघत राहिली. तिसऱ्या दिवशीही तेच.

"काय बघतेस? सिनेमा लागलाय का इथे?"

"भावोजी, 'तुटका नको' असं चिठ्ठीत कुणीच लिहीत नाही. तरी तुम्ही तुटका देत नाही. का?"

"अगं, तुटका कोण मागेल?"

"आणि दुसऱ्याच्या नावाने बाजूला ठेवलेला?"

"तो कसा देईन? माझं डोकं फिरलंय का?"

"म्हणजे लोक चारच ओळी लिहितात, आणि बाकीचं तुम्ही न सांगता करता," ती म्हणाली. तिचे डोळे असे चमकायला लागले की मला वाटलं, हिला ताप आलाय. धडाधड जिना चढून वर गेली. डबा माझ्याकडेच विसरली. मी तो खाल्ला, अन्न वाया घालवू नये.

तीन आठवड्यांनी तिने मला वर बोलावून स्क्रीन दाखवला. तिने एक छोटी लायब्ररी बनवली होती. लायब्ररी म्हणे, एकही पुस्तक नाही! म्हणजे सगळ्यांनी वापरायचा कोडचा एक तयार संच. तिची होती जेमतेम दोनशे ओळींची, आणि नाव ठेवलं होतं 'चिठ्ठी'. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने त्यात चारच गोष्टी सांगायच्या. काय, कुठल्या मशीनचं, काय नको, किती. शब्दही हेच. मग ती तेवीस ओळींची विनंती चिठ्ठी स्वतःच तयार करणार. आणि तुटका नको, राखून ठेवलेला नको, बंद झालेला नको, हे कुणी न सांगता आपणहून घालणार. एकाच ठिकाणी, एकदाच.

मी चष्मा लावून बघितलं. मला वाचता आलं! आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटरातली ओळ मी वाचली आणि मला ती कळली.

"हे तर मीच आहे," मी म्हणालो.

"मग? तुमच्याकडूनच चोरलंय."

वरचे इंजिनियर आधी हसले. घरगुती मसाला म्हणाले. पण तेवीस ओळींच्या जागी चार लिहायला कुणाला नको असतं? सहा महिन्यांत चाळीसच्या चाळीस ठिकाणी चिठ्ठी बसली. नावं ठेवणारेच सगळ्यात आधी वापरायला लागले. तीन वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं.

मग आल्या नव्या मॅडम. बाई वाईट नाही हं, उगीच कुणाबद्दल खोटं कशाला बोला. वेळेवर येतात, सगळ्यांचं ऐकून घेतात, गोदामही स्वतः फिरून बघून गेल्या. पण त्यांनी ठरवलं की घरी बनवलेलं काही नको. जगभर वापरतात ती मोठी, तयार लायब्ररी घ्यायची, जुनं सगळं तिच्यात नव्याने लिहायचं. ते काम दिलं एका इंजिनियरला. त्याला मी हेडफोनवाला म्हणतो, कारण दोन वर्षांत मी त्याचे कान पाहिले नव्हते. आणि धाकटीला म्हणाल्या, "तुमचा काउंटरचा अनुभव मोठा आहे. पुढच्या महिन्यापासून खालीच तुमचा जास्त उपयोग होईल." गोड बोलून खुर्ची काढून घेतली!

धाकटी त्या दिवशी माझ्या स्टुलावर येऊन बसली. पर्समधून चिमटा काढला आणि नुसती उघडझाप करत राहिली. मी पाणी दिलं, तेही प्याली नाही.

"मला खाली नाही यायचं, भावोजी," ती शेवटी म्हणाली. "खाली वाईट आहे असं नाही. सोळा वर्षं काढलीत मी. पण वर बसून काहीतरी बनवलं, आणि ते दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडलं, की मला इतकं छान वाटतं... ते परत कधीच वाटणार नाही आता."

माझं डोकंच सटकलं. "थांब, मी जातो वर. अशी सुनावतो की..."

"अजिबात नाही! तुम्ही गेलात तर मला काउंटरसुद्धा मिळायचं नाही."

खरं होतं ते.

तिने मॅडमकडे अर्धा तास मागितला. म्हणाली, चिठ्ठी काय करते ते एकदा दाखवते, मग तुम्ही ठरवा. मॅडमनी शुक्रवारी सकाळी अकराची वेळ दिली. घरी बायकोने मला बजावलं, "तुम्हाला बोलावलं तर जा. विचारलं तर बोला. नाहीतर तोंडाला कुलूप." मी मान डोलावली. एकतीस वर्षांत गोदाम सांभाळायला शिकलो, पण बायकोपुढे अजून शिकाऊच.

शुक्रवारी मला खरंच बोलावलं. वरच्या मीटिंगच्या खोलीत आठ खुर्च्या, भिंतीवर मोठा स्क्रीन, कोपऱ्यात प्लॅस्टिकचं झाड. धाकटी उभी, मॅडम वही घेऊन बसलेल्या, हेडफोनवाला त्याच्या लॅपटॉपसमोर, आणि दारापाशी मी. सगळं काम सरावाच्या प्रतीवर चाललं होतं. म्हणजे खरी यादी सुरक्षित, ही तिची नक्कल, मोडली तरी चालेल अशी.

"भावोजी, तुम्हाला अवघड वाटतील अशा तीन गोष्टी मागा," धाकटी म्हणाली. मी काय सोडतोय? काउंटरच्या पोरांना रडवणाऱ्या तीन मागण्या मी केल्या. तिने प्रत्येकीला चार ओळी लिहिल्या, तिन्ही उत्तरं बरोबर. माझी छाती फुगली.

मॅडमनी हेडफोनवाल्याकडे बघितलं. त्यानेही तयार लायब्ररीत त्याच तीन मागण्या लिहिल्या. सात ओळी, आठ ओळी, सात ओळी. उत्तरं तीच.

"छान आहे तुमचं," मॅडम धाकटीला म्हणाल्या, "पण चार ओळी काय आणि सात ओळी काय. एवढ्यासाठी घरची लायब्ररी सांभाळत बसायचं का?"

त्यांचंही चूक नव्हतं, तोच तर वैताग. धाकटीचा चेहरा उतरला. तरी ती म्हणाली, "एक शेवटचं दाखवते. बंद झालेल्या मशीनची यादी माझ्याकडे एका फाइलमध्ये आहे. त्या मशीनचे भाग यादीतून कायमचे काढून टाकायचे. चिठ्ठीने तेही होतं." तिने फाइल लावली, चिठ्ठी लिहिली आणि बटण दाबलं.

भिंतीवरच्या त्या एवढ्या मोठ्या स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली.

'रिकामी चिठ्ठी? सगळं गोदाम बांधून देऊ का? जा, आधी लिहून आण!'

मग सगळ्यांच्या माना हळूहळू माझ्याकडे वळल्या. ते वाक्य कुणाचं आहे हे त्या इमारतीत कुणाला सांगायची गरज नाही. मी प्लॅस्टिकच्या झाडाकडे बघत राहिलो. कानशिलं अशी तापली होती की त्यावर चहा झाला असता. बावीस वर्षं! बावीस वर्षं तिने ते मनात ठेवलं आणि आज मला भिंतीवर टांगलं!

धाकटीने घाईघाईने फाइल उघडली. आत काहीच नव्हतं. आदल्या दिवशी दुपारी धास्तीपायी तिने सगळं आवरायला घेतलं होतं, त्या नादात भरलेली फाइल गेली आणि त्याच नावाची कोरी राहिली. दुसऱ्याची चूक मैलावरून पकडणारी बाई, आणि ऐन वेळी स्वतःच माती खाल्ली.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "फाइल रिकामी आहे. मी तपासायला हवी होती." तिने आपली वही मिटली, टेबलावरचा चिमटा पर्समध्ये टाकला. आवराआवर चालू झाली होती. तिला त्या खोलीतून कधी एकदा बाहेर पडते असं झालं होतं, आणि मला रडू येत होतं, बायकोची शपथ.

तेवढ्यात हेडफोनवाल्याने हेडफोन काढले. कान होते त्याला, चांगले मोठे होते.

"एक मिनिट, मॅडम," तो म्हणाला. "हीच रिकामी फाइल मी माझ्याकडे लावून बघतो."

त्याने लावली. बटण दाबलं. लाल नाही, काही नाही. छान हिरव्या अक्षरात आलं, काम यशस्वी, अकरा हजार चारशे बासष्ट नोंदी काढून टाकल्या.

मॅडम पुढे झुकल्या. "एकूण भाग किती आहेत आपल्याकडे?"

हे मला विचारलं होतं, म्हणजे कुलूप उघडायला हरकत नव्हती. "तेवढेच," मी म्हणालो.

हेडफोनवाला डोकं खाजवत म्हणाला, "यादी रिकामी असली की मी लिहिलेल्या क्वेरीतली अटच गळून पडते. आणि अट नाही म्हणजे सगळंच. चूक लायब्ररीची नाही, माझी आहे. असं होतं हे मला माहीत होतं. अडवणारी ओळ लिहायची राहिली."

"राहतेच," धाकटी दारापर्यंत गेली होती, ती तिथूनच म्हणाली. "माझीही आज फाइल तपासायची राहिली ना? म्हणूनच ती ओळ ज्याने त्याने लिहायची नसते. एकदाच लिहायची आणि सगळ्यांनी तिच्यातूनच जायचं."

आता मला राहवेना. बायकोचं काय व्हायचं ते होईल. "मॅडम," मी म्हणालो, "कोरी चिठ्ठी बघितली की माणसाला वाटतं, याला काही नको असेल. तसं नसतं. कुठल्या मशीनचं ते लिहिलंच नाही तर मी कुठे थांबू? म्हणून कोरा कागद खिडकीतच अडवायचा. आत येऊ द्यायचा नाही. एकतीस वर्षं मी दुसरं काय करतोय?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. एकदा लाल अक्षरांकडे बघितलं, एकदा हिरव्या. मग खुदकन हसल्या. तीन महिन्यांत त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघत होतो.

"मोठी लायब्ररी येईलच," त्या म्हणाल्या, "ती तळाशी राहील. पण तिच्यावर तुमची चिठ्ठी बसवा. कुणीही थेट आत जायचं नाही, चिठ्ठी देऊनच जायचं. तुम्ही दोघं मिळून करा." मग धाकटीला म्हणाल्या, "खुर्ची तुमचीच. चुकल्यावर पाच सेकंदांत चूक कबूल करणारं माणूस मला वरच लागेल."

धाकटी नुसती चष्म्याची साखळी गोल गोल फिरवत उभी राहिली.

"फक्त तो संदेश जरा सौम्य करता येईल का?" मॅडमनी विचारलं.

"नाही," धाकटी आणि हेडफोनवाला एकदम म्हणाले.

जिन्यात मी तिला गाठलं. आनंद झाला होता, पण ते लाल वाक्य टोचत होतं.

"धाकटे, इतकी वर्षं मनात ठेवलंस होय?"

"काय?"

"काय म्हणून काय विचारतेस? माझं ते ओरडणं. भिंतीवर लावलंस, चारचौघांत!"

ती जिन्यावर बसलीच. आधी हसली, मग चष्मा पुसायला लागली. "अहो भावोजी, त्या दिवसानंतर मी बावीस वर्षांत एकदाही कोरी चिठ्ठी दिली नाही. कुणाचंच ओरडणं मला इतकं उपयोगी पडलेलं नाही. तुम्ही पुढच्या वर्षी रिटायर होणार. मग मी विसरले तर मला ओरडणार कोण? म्हणून तुम्हाला आत बसवून ठेवलं. आणि आज बघा, मीच विसरले, आणि तुम्हीच ओरडलात."

मी कठडा पुसला, उगाच खिसे चाचपले. मग म्हणालो, "त्यात आणखी एक ओळ घालता येईल का?"

"कसली?"

"ओरडून झाल्यावर. खाली, लहान अक्षरात. 'आणि रडू नकोस. होतं असं कधीकधी. माझंच चुकलं, बघून ओरडायला हवं होतं.'"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिसऱ्या बटणाकडे बघितलं होतं ना, तशीच. मग म्हणाली, "शेवटचं वाक्य कोडमध्ये नको. ते मला पोचलं."

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बावीस वर्षं लागली होय? मला वाटलं, तीस लागतील." आणि माझ्या कपात तिने न मागता आणखी चहा ओतला.

पुढच्या आठवड्यात हेडफोनवाला खाली आला. खिडकीत कोपर टेकून उभा राहिला. हेडफोन गळ्यात होते.

"काका, आज तुम्ही मला ओरडलात."

"मी? मी तर सकाळपासून स्प्रिंगा मोजतोय."

"वर ओरडलात. कोरी यादी लावली मी."

"मग? लिहून नेलीस ना परत?"

"नेली. चारही ओळी." मग म्हणाला, "खालची ओळ बरी वाटली, काका."

"ती मी नाही लिहिली," मी म्हणालो, "मी नुसती सांगितली. जा आता, गर्दी करू नकोस." तो गेला आणि मी परत स्प्रिंगा मोजायला बसलो. किती झाल्या होत्या तेच विसरलो होतो. पहिल्यापासून मोजल्या.